‘व्हिंटेज’ : एका मोटारशब्दाची कालमर्यादा

‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला. लॅटिन ‘विन्देमिआ’, अर्थात द्राक्षांची तोडणी, हे त्याचे मूळ होय. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबाने तो मोटारींस लावला. पुढे १९३० अखेरची सीमा ठरली. त्यानंतरच्या घाऊक उत्पादनात घडणीचा कस उतरला, अशी या रसिकांची धारणा होती. उभे रेडिएटर, लांब बॉनेट, सुटे मडगार्ड यांत त्यांना यंत्राची रचना उघड दिसे. वस्तुतः हा अभिरुचीचा निर्णय; त्यास तारखेचे रूप दिले, एवढेच. तारीख मात्र अपुरी पडली. बुगाटी टाइप ५७ सारख्या १९३१ नंतरच्या निवडक मोटारींसाठी ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’ हा निराळा वर्ग कल्पावा लागला. ‘थरोब्रेड’ हे तर अस्सल वाणाच्या घोड्याचे विशेषण!