रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा मान

वसंतात व्याख्याने ऐकण्याची रीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात पाडून दिली. लोणंदच्या या मांडवात आज मी त्यांच्या पत्नीविषयी बोलणार आहे, पण ते परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घालणारी बाई म्हणून.

रमाबाई आपल्याच मुलखातल्या. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ मध्ये रानड्यांच्या घरी आली ती निरक्षर. नवऱ्याने शिकवायला घेतले म्हणून घरातल्या बायकांनी जाच केला. तरी ती शिकली. न्यायमूर्ती १९०१ मध्ये वारले. पुढे १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने रमाबाईंनी पुणे सेवासदन उभे केले. तेथे शिक्षिका तयार होऊ लागल्या, आणि ससून रुग्णालयात शिकून परिचारिकाही.

त्या काळी परक्या रोग्याला शिवणे, त्याची घाण काढणे हे कुलीन बाईचे काम मानीत नसत. एका समारंभात केशवपन केलेली विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा कॉलेजातल्या पोरांनी तिची टर उडविली. रमाबाईंनी तिथल्या तिथे उभे राहून त्यांना खडसावले, असे सांगतात.

मी हमालांत संघटना करणारा माणूस. ‘हमाली’ हा शब्द मजुरीलाही वापरतात आणि हिणवायलाही. कामच हलके ठरविले, म्हणजे त्याचे दाम हलके ठेवताना कोणाला लाज वाटत नाही, हे मी बाजारात पाहत आलो. रमाबाईंनी नेमका तोच डाग धुवायला घेतला. ज्या हातांना समाज कमी लेखीत होता त्यांना वर्ग, शिक्षक आणि परीक्षा मिळाल्या. अंगमेहनतीला विद्येची जोड मिळाली. १९२४ मध्ये त्या गेल्या, तोवर ही वाट रुळली होती.

एक गोष्ट मात्र आपण विसरतो. ‘सेवा’ या शब्दाने परिचारिकेला मान दिला खरा, पण त्याच शब्दाआड तिचा पगारही अडविला जातो. करारावर राबणारी परिचारिका दाम मागू लागली, की तिला सेवाभावाचा उपदेश ऐकावा लागतो. सेवासदनात आलेल्या विधवेला पुण्य जोडायचे नव्हते. दुसऱ्याच्या दारातला तुकडा सोडून तिला स्वतःच्या कमाईची भाकरी खायची होती. रमाबाईंना मानायचे, तर त्या भाकरीचा हिशेबही चोख झाला पाहिजे.