मनगटावरील साधन : पाणबुड्यांची लष्करी घड्याळे आणि रत्नागिरीचा सागरी इतिहास

रत्नागिरी जिल्ह्याच्या सागरी इतिहासाची साधने म्हटली म्हणजे जलदुर्ग, बंदरांची दप्तरे, पोर्तुगीज व इंग्रज पत्रव्यवहार आणि इ. स. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटियरचा दहावा खंड यांचा विचार प्रथम होतो. ज्यांच्या श्रमावर हा सारा व्यवहार उभा राहिला, त्या खलाशांच्या नित्य वापरातील वस्तूंकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. मनगटी घड्याळ ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. युरोप-अमेरिकेतील संग्राहकांनी लष्करी पाणबुड्यांच्या जुन्या व दुर्मिळ घड्याळांचा बारकाईने अभ्यास करून साधनचिकित्सेची एक पद्धती सिद्ध केली आहे. ती पद्धती कोणती, तिची मर्यादा कोठे येते आणि रत्नागिरीच्या अभ्यासकाला तिचा उपयोग कितपत होईल, याचे विवेचन येथे कर्तव्य आहे.

पाण्याखाली उतरलेल्या मनुष्याच्या दृष्टीने काळाचे मोजमाप हा जिवाचा प्रश्न असतो. वाढत्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात व ऊतींत विरघळतो आणि पाणबुड्या घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. किती खोलीवर किती मिनिटे राहिल्यास वर येताना कोठे व किती थांबावे, याची शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. कोष्टक सिद्ध झाले, परंतु ते पाळण्यासाठी पाण्यात टिकणारे व अंधारात वाचता येणारे घड्याळ हवे होते. फ्लॉरेन्स येथील पानेराई या पेढीने इ. स. १९३६ पासून इटलीच्या आरमारासाठी असे घड्याळ तयार करण्यास आरंभ केला. त्याची पेटी रोलेक्सकडून येई आणि अंक रेडियमयुक्त लेपाने उजळत. दि. १९ डिसेंबर १९४१ रोजी सहा इटालियन पाणबुड्यांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. त्यानंतर अशा दलांचे महत्त्व सर्वच आरमारांना पटले. फ्रान्सच्या पाणबुड्या सैनिकांचे दल उभारणारे रोबेर मालुबिए व क्लोद रिफो यांच्या मागणीस अनुरूप असे ‘फिफ्टी फॅदम्स’ हे ब्लँपँ पेढीचे घड्याळ इ. स. १९५३ मध्ये पुढे आले. नावाचा अर्थ पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. कोकणातील दर्यावर्दी ज्या वावेने पाण्याचा तळ मोजत आले, तेच हे माप होय. तबकडीभोवतीचे फिरते कडे हा या घड्याळाचा विशेष. बुडी मारताना कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणली म्हणजे पुढे किती मिनिटे गेली हे हिशेब न करता दिसते.

ही घड्याळे दुर्मिळ का झाली, याचे उत्तर कारखान्यापेक्षा सरकारी नियमांत शोधावे लागते. सैनिकाच्या मनगटावरील घड्याळ ही त्याची मालमत्ता नसे; ते सरकारी कोठाराचे असे व सेवा संपताच परत करावे लागे. ब्रिटिश आरमाराच्या घड्याळांच्या पाठीवर रुंद टोकाचा बाण, आरमाराचा ०५५२ हा सांकेतिक अंक, त्या घड्याळाचा क्रमांक आणि देण्याचे वर्ष कोरलेले आढळते. पट्टा अडकविण्याच्या दांड्या निखळू नयेत म्हणून त्या पेटीसच कायमच्या जोडीत. अमेरिकेत इ. स. १९६० नंतरच्या दशकात ‘टॉर्नेक-रेव्हिल’ नावाची सुमारे एक हजार घड्याळे आरमारासाठी बनविण्यात आली. त्यांचा प्रकाशलेप किरणोत्सर्गी असल्याने पुढे त्यांतील बहुसंख्य नष्ट केली गेली. आज त्यांस प्रचंड किंमत येते, ती शासनानेच केलेल्या या विनाशामुळे.

जेथे किंमत तेथे बनावट, हा न्याय येथेही लागू पडतो. आणि संग्राहकांच्या पद्धतीचे महत्त्व येथेच दिसते. पाठीवरील कोरीव अंक नंतर कोरता येतात. म्हणून ते पेटीच्या क्रमांकाशी, यंत्राच्या घडणीशी आणि उपलब्ध शासकीय नोंदींशी ताडून पाहिले जातात. प्रकाशलेपाची साक्ष तर अधिक निर्णायक असते. तबकडीवर वर्तुळातील ‘टी’ हे अक्षर असेल तर लेपात ट्रिटियम आहे असे समजावे. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे साठ वर्षांनंतर मूळ द्रव्याचा सुमारे साडेतीन टक्के अंशच उरतो. तेव्हा इ. स. १९६७ चे म्हणून दाखविलेले घड्याळ आज अंधारात लख्ख उजळत असेल तर त्याचा लेप नंतरचा आहे, हे उघड होय. रेडियमची गोष्ट उलट आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे असल्याने लेपातील चमकणारे द्रव्य निकामी होऊन तबकडी काळवंडली तरी किरणोत्सर्ग चालूच राहतो. न चमकणारी तबकडी निरुपद्रवी मानून ती उघडणे वा खरवडणे धोक्याचे असते.

या पद्धतीची मर्यादा मुंबईच्या संदर्भात स्पष्ट होते. मुंबई ही स्विस घड्याळांची जुनी पेठ. फाव्र-लेउबा या पेढीचा येथील व्यापार इ. स. १८६५ पासूनचा, तर वेस्ट एंड वॉच कंपनीचा इ. स. १८८६ पासूनचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या हिंदी फौजांत वेस्ट एंडचे ‘सोवार’ घड्याळ प्रसिद्ध होते. फाव्र-लेउबाने इ. स. १९६८ मध्ये काढलेल्या ‘बॅथी’ या घड्याळात पाठीमागील छिद्रांवाटे आलेल्या पाण्याचा दाब एका पातळ पडद्यावर पडून ५० मीटरपर्यंतची खोली काट्याने दाखविली जाई. तथापि स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. बंगळूर येथे एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना इ. स. १९६१ मध्ये सुरू झाला, पण मागणी मोठी होती. पश्चिम किनाऱ्यावरील चोरट्या आयातीत सोन्याबरोबर मनगटी घड्याळेही उतरत, ती यामुळेच. सुटे भाग मिळेनात तेव्हा घड्याळजींनी एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसविले, खाऱ्या हवेने व घामाने खराब झालेल्या तबकड्या पुन्हा रंगविल्या. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे हेटाळणीचे नाव देतात आणि त्यांना संग्रहातून बाद ठरवितात.

संग्राहकाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य असेल. इतिहासकाराने तो जसाच्या तसा स्वीकारणे इष्ट नव्हे. वापर चालू राहावा म्हणून केलेली दुरुस्ती आणि ग्राहकास फसविण्यासाठी केलेली बनावट यांत भेद आहे. आज विक्रीसाठी भडक रंगांत सजविलेली घड्याळे दुसऱ्या वर्गात मोडतात, यात शंका नाही. पण चाळीस वर्षे एकाच कुटुंबात वापरलेले, दोनदा तबकडी बदललेले घड्याळ हे टंचाईच्या काळातील कारागिरीचे व काटकसरीचे अस्सल साधन आहे. घड्याळजी पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने आपली खूण व दुरुस्तीची तारीख कोरून ठेवतात. कारखान्याच्या शिक्क्याइतकीच ही खूणही वाचली गेली पाहिजे.

रत्नागिरीच्या बाबतीत या भेदाला विशेष महत्त्व आहे. रॉयल इंडियन मरीनच्या आणि इ. स. १९३४ नंतर रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात भरतीचे क्षेत्र विस्तारेपर्यंत ही परंपरा टिकली. व्यापारी जहाजांवर व मुंबईच्या गोदीत राबणारे जिल्ह्यातील लोक तर सर्व समाजांतील होते. (त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडे, तो इ. स. १९८१ मध्ये वेगळा झाला.) लष्करी पाणबुड्याचे घड्याळ सरकारने परत घेतले म्हणून दुर्मिळ झाले; खलाशाने स्वतःच्या पैशाने घेतलेले घड्याळ झिजेपर्यंत वापरले जाते, म्हणून विरळ होते. पहिल्या दुर्मिळतेला बाजारात मोल आहे. दुसरीला ते नाही, आणि त्यामुळे तिचा पुरावा मोडीत जाण्याची भीती अधिक.

तेव्हा जिल्ह्यातील घरोघरी उरलेल्या अशा घड्याळांची नोंद त्यांना झिलई चढण्यापूर्वी व्हावयास हवी. घड्याळाबरोबर खलाशाचे सेवापुस्तक, खरेदीचे बंदर व वर्ष, दुरुस्तीच्या खुणा आणि कुटुंबातील मौखिक माहिती एकत्र नोंदविली, तरच ती वस्तू ऐतिहासिक साधनाच्या पदवीस पोहोचते. क्रमांक, लेप व झीज ताडून पाहण्याची शिस्त संग्राहकांकडून अवश्य घ्यावी. कोणते घड्याळ जतन करण्याजोगे, हा निर्णय मात्र त्यांच्या बाजारावर सोपवू नये. युद्धनौका बुडविणाऱ्या सहा पाणबुड्यांची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. रत्नागिरीच्या असंख्य खलाशांच्या बाबतीत झाकणाच्या आत सुईने कोरलेली एखादी तारीख हाच कदाचित शेवटचा लेखी पुरावा ठरेल.