तळटीप : ‘गंधकाचा टाका’

हा लेखकाचा शब्द. पाठ्यपुस्तकांत ‘डायसल्फाइड बंध’. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असतो. दोन सिस्टीनांचे गंधक ऑक्सिडीकरणाने जुळले की प्रथिनाची घडी पक्की होते. क्षपणाने टाका उसवतो. पेशीद्रवात क्षपणकारी ग्लुटाथायोन मुबलक, म्हणून तिथे असे टाके सहसा टिकत नाहीत. एसओडी-१ हे प्रथिन अपवाद : त्यातली ५७ आणि १४६ क्रमांकांची सिस्टीने जुळलेली राहतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारणाऱ्या एएलएस या आजाराशी एसओडी-१च्या जनुकाचा संबंध १९९३ मध्ये उघड झाला. काही उत्परिवर्तनांत टाका लवकर उसवतो, एसओडी-१चे जोडीने राहणारे रेणू सुटे होतात आणि त्यांच्या गुठळ्या साचतात. लेखकाची ‘गंजा’ची उपमा इथे निम्मीच लागू पडते : गंज ऑक्सिडीकरणाने चढतो, हा टाका मात्र क्षपणाने उसवतो. एएलएसच्या बहुतेक रुग्णांत हा जनुकदोष नसतो. — संपा.