न्यायनिर्णयात कृत्रिम बुद्धिमत्ता

न्यायालये आणि अर्धन्यायिक अधिकारी यांच्या कामात भाषांतर, प्रतिलेखन, निवाड्यांचा शोध आणि क्वचित प्रत्यक्ष निर्णय यांसाठी होणारा संगणकीय प्रणालींचा वापर. भारतात तो मुख्यतः निर्णयाच्या पूर्वतयारीपुरता आहे.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली आणली. ६ एप्रिल २०२१ रोजी, नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, प्रकरणातील तथ्ये व संबंधित कायदा शोधून देणारी ‘सुपेस’ सुरू झाली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत घटनापीठापुढील युक्तिवाद यंत्राने जागच्या जागी लिहून काढले. तिथे असे प्रथमच घडले.

या साधनांची खरी गरज खालच्या पायरीवर आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचा वाटणीचा दावा करमाळ्याच्या दिवाणी न्यायालयात मराठीत चालू शकतो. दुसरे अपील मात्र उच्च न्यायालयात जाते. सोलापूर जिल्ह्यासाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. तिथली भाषा इंग्रजी. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, साक्षीदारांचे जबाब, सगळ्याचा अनुवाद लागतो आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. यंत्राने तो हलका होईल, हे मोठेच काम. पण फेरफारातील कुळाची नोंद किंवा इतर हक्कांतील बोजा अनुवादात पुसट झाला, तर जमिनीचा हक्कच डळमळतो. म्हणून या अनुवादाला निव्वळ कारकुनी काम समजणे धोक्याचे आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ मधील केएमजी वायर्स प्रकरणातील निवाडा इथे महत्त्वाचा. चेहराविरहित पद्धतीने झालेल्या प्राप्तिकर आकारणीच्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता. न्या. बर्जिस कुलाबावाला व न्या. अमित जामसांडेकर यांच्या खंडपीठाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात प्रणालीने दाखवलेल्या निकालांवर आंधळा विश्वास ठेवू नये, अर्धन्यायिक अधिकाऱ्याने ते पडताळूनच वापरावेत, असे खंडपीठाने बजावले. कंपनी उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकली. अशी चूक तालुक्याच्या पातळीवर झाली, तर दोन एकरांच्या मालकाला ती उमगणेही कठीण.

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने लूमिस खटल्यात (२०१६) आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोजणारी प्रणाली शिक्षा ठरवताना विचारात घेण्यास मुभा दिली, मात्र शिक्षा केवळ तिच्यावर ठरू नये अशी अट घातली. प्रणालीचे सूत्र व्यापारी गुपित राहिले. ज्याचे कारण आरोपीला तपासता येत नाही, त्याला न्यायनिर्णयात जागा नसावी. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या धोरणात जिल्हा न्यायालयांना निष्कर्ष, आदेश वा निकाल यांसाठी ही साधने वापरण्यास मनाई केली. ही भूमिका अधिक योग्य आहे.

अनुवाद यंत्राने केला असल्यास तसे प्रतीवर नोंदवावे आणि तो मूळ मराठी कागदाशी ताडून पाहण्याची संधी पक्षकाराला सुनावणीपूर्वी मिळावी.