जंगलकाठच्या शेताची राखण : दुर्बीण कशी निवडावी आणि ती बंदुकीवर का लावू नये

भात पोटरीत आले, मक्याचे दाणे भरू लागले की सह्याद्रीच्या काठावरच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. आजरा, चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, असे शेतकरी या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात: दाट झाडीत, अंधारात नीट दिसेल अशी कोणती दुर्बीण बंदुकीवर बसवावी?

बंदुकीवर बसवू नये, हे त्याचे थोडक्यात उत्तर. पाहण्यासाठी हातात धरायची वेगळी दुर्बीण घ्यावी. तसे का, आणि ती कशी निवडावी, हे पुढे दिले आहे.

कायदा आधी

शेती संरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत अजूनही सर्रास होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे आणि शिकारीचा प्रयत्न, सापळा, फासकी, विष हेही 'शिकार' या व्याख्येतच येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. ते पिकाला उपद्रवी ठरल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश हाती नसताना डुक्कर मारले तर गुन्हा होतो, आणि मेलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. गवा आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये आहेत. पीक खाल्ले म्हणून त्यांना मारण्याचा प्रश्नच येत नाही.

बंदुकीत काही जोडायचे किंवा बदलायचे असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

बंदुकीवर दुर्बीण का नको

पहिले कारण यांत्रिक आहे. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलसारखे पिळदार खाचे तिला नसतात. छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे पांगतात. एवढ्या अंतरासाठी लांबचे दाखवणारी काच काही कामाची नाही. शिवाय रायफलीच्या दुर्बिणीत डोळा काचेपासून साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणी छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी बनवलेल्या असतात. बारुदाच्या धक्क्याने त्या भुवईवर आदळतात किंवा दोन-चार बारांत त्यांची काच हलते.

दुसरे कारण याहून मोठे आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून आपण जिकडे पाहतो तिकडे नळीही वळलेली असते. 'तिथे काय हलले?' हे पाहायचे तर त्या हलणाऱ्या गोष्टीवर भरलेली बंदूक रोखावी लागते. ती गोष्ट शेजारच्या शेतातला राखणदार असू शकते, चुकलेले वासरू असू शकते. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणात आणि घाटमाथ्यावर अधूनमधून येतातच. जिथे डुकराची शिकार कायदेशीर आहे, त्या देशांतही शिकाऱ्याला आधी गळ्यातल्या दुर्बिणीने जनावर ओळखायला शिकवतात, बंदूक त्यानंतर.

डोळ्यांची चमक फसवते

बॅटरीच्या उजेडात गवा, सांबर, बिबट्या, कुत्रा, गाय-म्हैस यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. म्हणून डुकराचे डोळे चमकत नाहीत, किंवा अगदी मंद तांबूस दिसतात.

'चमक नाही, म्हणजे डुक्कर' हा अनुभवी राखणदारांचा आडाखा इथपर्यंत बरोबर आहे. पण हा थर माणसाच्या डोळ्यातही नसतो. रात्री शेतात असू शकणाऱ्या मोठ्या जिवांपैकी ज्यांचे डोळे चमकत नाहीत असे दोनच: रानडुक्कर आणि माणूस. नाचणीच्या कडेला घोंगडी पांघरून उकिडवा बसलेला माणूस आणि उकरत असलेले डुक्कर यांत वीस मीटरवरून मी स्वतः फसलो आहे. माझ्या हातात तेव्हा फक्त बॅटरी होती, हे नशीब. तो गडी बिडी पेटवायला वळला तेव्हा कळले.

दाट झाडीसाठी कोणती दुर्बीण

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×४२. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. यात्रेत किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत पहिला आकडा मोठा करून विकतात: २०, ३०, कधी ६०. दाट झाडीत नेमका हाच आकडा कमी हवा.

याची कारणे दोन. एक, पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. चांगल्या ८×४२ दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे पन्नास मीटरवर सहा-साडेसहा मीटर. वीस पटीच्या दुर्बिणीत तो तीन मीटरच्या आत येतो. झाडीच्या फटीतून चार-पाच डुकरांचा कळप सरकत असताना एवढ्या अरुंद पट्ट्यात ती सापडेपर्यंत निघून जातात. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. दहाच्या वर गेल्यास टेकू लागतो.

दुसरे कारण उजेडाचे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, ७×५० मध्ये सात, २०×५० मध्ये अडीच, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्येही अडीचच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती पाचच्या आसपास राहते. म्हणजे अडीचचा ठिपका तिन्हीसांजेनंतर निकामी. उलट साठीतल्या राखणदाराला सातचा ठिपका देऊन वरचा उजेड वायाच जातो आणि जड दुर्बीण गळ्यात वागवावी लागते. बहुतेकांना ८×४२ पुरते. माळ्यावर बसून एकाच खाचरावर नजर ठेवायची असेल आणि वय कमी असेल, तर ७×५० घ्यावी.

रायफलीच्या दुर्बिणीचे गणितही हेच आहे. जर्मनी, पोलंडमध्ये दाट जंगलात हाकाऱ्याच्या शिकारीला एक ते चार किंवा एक ते सहा पटीची, २४ मिलिमीटरची दुर्बीण वापरतात, आणि रात्री मचाणावरून बसायला ८×५६. जाहिरातीतल्या तीस पटींचा तिथेही उपयोग नाही.

दुकानात तपासणी

आकडे खरे आहेत का, हे पट्टीने कळते. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. मागच्या काचेत पांढरा ठिपका दिसेल. त्याचा व्यास मोजावा. '३०×६०' लिहिले असेल तर तो दोन मिलिमीटर यायला हवा. चार-पाच आला, तर दुर्बीण बहुधा तीस पटीची नाहीच. ठिपका गोल हवा. चौकोनी कडा किंवा कडेला करडी सावली दिसली तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. 'बाक-४' काचेचे लोलक घ्यावेत.

मग लांबचा विजेचा खांब दोन्ही डोळ्यांनी पाहावा. तो दोन दिसला किंवा पाच मिनिटांत डोके दुखू लागले, तर नळ्या एका रेषेत नाहीत, ती दुर्बीण परत करावी. पुढच्या काचेत दिव्याचे प्रतिबिंब हिरवट-जांभळे दिसले तर लेप बरा आहे. आरशासारखा लालभडक लेप दिखाऊ असतो, तो उजेड अडवतो. चष्मा असेल तर डोळा काचेपासून पंधरा मिलिमीटर किंवा जास्त दूर ठेवता येईल अशी निवडावी. कोकणासाठी नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीणच घ्यावी.

उष्णता दाखवणारे थर्मल यंत्र दाट अंधारातही जनावर आहे एवढे दाखवते, पण उसाच्या पानांआडचे दाखवत नाही आणि डुक्कर की माणूस हे लांबून सांगत नाही. एका शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने ते घ्यावे असे मला वाटत नाही. गटाने घेतल्यास वेगळी गोष्ट.

वापर

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ती मेहनत फुकट जाते. बॅटरीला लाल काच लावावी. डुकराला लाल उजेड फारसा जाणवत नाही, आपलेही डोळे दिपत नाहीत. वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावे, कारण डुकराचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. राखणीला कोण कुठे बसणार हे शेजाऱ्यांनी संध्याकाळीच एकमेकांना सांगावे, आणि फिरताना बॅटरी लावून, आवाज देत फिरावे.

दुर्बिणीचा आणखी एक उपयोग भरपाईसाठी होतो. मोबाइलचा कॅमेरा मागच्या काचेला टेकवून पहाटेच्या उजेडात कळपाचा फोटो काढता येतो. तो, उकरलेल्या सऱ्यांचे फोटो आणि सातबारा जोडून नुकसानीनंतर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक उचलू नये. ही भरपाई पूर्ण नुकसान भरून काढत नाही, हे खरे आहे. तरीही तक्रारच नसेल तर आपल्या शिवारातला उपद्रव कागदावर येत नाही, आणि कलम ११ च्या अर्जालाही आधार राहत नाही.

पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नये, काचेवर बुरशीचे जाळे धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, आणि पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापराव्यात.