वतन, वेतन आणि निवृत्तिवेतन



मागच्या महिन्यातलं व्याख्यान संपलं आणि मी दाराशी चपला शोधत होतो, तेव्हा एक मुलगा जवळ आला. पदवी झालेली, इथेच गारखेड्यात एका अभ्यासिकेत दिवसभर बसतो. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान ठीक आहे, पण एक सांगा. सरकारी नोकरी चांगली की खाजगी?" मी विचारलं, "तू काय करतोस?" म्हणाला, "चार वर्षं परीक्षाच देतोय. वाळूजला एक काम मिळत होतं, घरचे नको म्हणाले." घरी जाऊन विचार करू लागलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आपण नेहमी पगाराच्या आकड्यावर आणून सोडून देतो. त्यामागचा इतिहास सांगत नाही. आज तो सांगायचा प्रयत्न करतो.

आधी माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आयुष्यभर अनुदानित महाविद्यालयात शिकवलं. नेमणूक खाजगी संस्थेची, पगार सरकारच्या अनुदानातून आणि आज पेन्शन सरकारी तिजोरीतून. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही, लाभार्थी आहे.

आमच्या गल्लीत दोन शेजारी आहेत. नावं घेत नाही. एक जिल्हा परिषदेत कारकून होते, दुसरे वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्या पट्ट्याचं रूपच बदललं. त्या काळात फिटरभाऊंच्या घरी रंगीत टीव्ही आधी आला. ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस, न्यायला-आणायला कंपनीची बस, कँटीनचं जेवण, आणि युनियनचा करार झाला की दर तीन वर्षांनी पगारवाढ. महिनाअखेर आली की कारकूनसाहेब त्यांच्याकडून उसने घ्यायचे. तेव्हा कुणी त्यांना "सरकारचा जावई" म्हटलं असतं, तर त्यांना ती थट्टा वाटली असती.

आज दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत. कारकूनसाहेबांना पेन्शन आहे, त्यावर महागाईची वाढ आहे. फिटरभाऊंना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून महिन्याला अडीच हजारांच्या आत पेन्शन मिळते. फंडाची एकरकमी रक्कम मिळाली होती, ती मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेली. उसनवारी उलटी झाली आहे.

आता सांगा, यातली चांगली नोकरी कोणती? १९९० मध्ये विचारलं तर एक उत्तर, आज विचारलं तर दुसरं. तुलना करताना आपण पगाराचा एक दिवस घेतो, पण नोकरी हा चाळीस-पन्नास वर्षांचा व्यवहार असतो.

आता थोडं मागे जाऊ. मराठीत दोन शब्द आहेत, एका मात्रेच्या फरकाचे: वतन आणि वेतन. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. वतन म्हणजे पिढीजात हक्काचं काम आणि त्याला जोडलेलं उत्पन्न. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनाची यादीच आहे. सर्वात वर ४८,००० पण, सर्वात खाली ६० पण. तफावत आठशे पटीची! पण त्याच ठिकाणी हेही सांगितलं आहे की कामावर असताना माणूस मेला, तर त्याच्या बायकामुलांना अन्न आणि वेतन मिळावं. अनुकंपेची कल्पना एवढी जुनी आहे. शिवाजी महाराजांचा कल वतनं वाटण्यापेक्षा रोख वेतनाकडे होता. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, युद्धाच्या ओढाताणीत, पुन्हा वतनं-इनामं द्यावी लागली.

पण वतन म्हटलं की सुखच, असं समजू नका. महार वतन आठवा. काम सरकारी, तेही रात्री-अपरात्री केव्हाही, आणि घरातल्या कुणालाही बोलावणं यायचं. मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळणारं बलुतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्याचा गाभा असा की काम सरकारचं असेल तर कामं ठरलेली असावीत आणि पगार खात्रीचा असावा, पोट गावाच्या दयेवर राहू नये. ते विधेयक मंजूर झालं नाही. ही वतनं कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा सरकारी काम आणि खात्रीचा पगार ही जोडी निसर्गनियमाने आलेली नाही. ती मागावी लागली.

आपल्या मराठवाड्यात या जोडीचं मोल जास्त का वाटलं, तेही पाहा. इथली जुनी माणसं हाली सिक्क्यात पगार घेत. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीनदा राज्य बदललं, पण सरकारी नोकराची पहिली तारीख येत राहिली. मग १९७२ चा दुष्काळ. ज्या घरात एक शिक्षक किंवा तलाठी होता, त्या घरात रोख पैसा होता. बाकीचे खडी फोडायला गेले. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपल्याकडे तेव्हाच उलटी झाली असं मला वाटतं. त्या अभ्यासिकेतल्या मुलाचे घरचे नको म्हणाले, त्यामागे ही आठवण आहे.

आता पगार ठरतो कसा ते बघू. इंग्रजांच्या काळात, १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचं तत्त्व असं होतं की योग्य माणूस मिळेल आणि टिकेल इतकाच पगार द्यावा. हा बाजाराचा नियम झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिला वेतन आयोग आला, त्याने माणसाच्या गरजेचा विचार सुरू केला. त्यात सर्वात खालच्या कर्मचाऱ्याला महागाई भत्ता धरून ५५ रुपये ठरले. मग १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टीच दिली: कुटुंबात तीन माणसांचा खाण्याचा हिशेब, प्रत्येकी २,७०० उष्मांक, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी वीस टक्के.

इथे कृपया लक्ष द्या. ही मोजपट्टी सरकारी नोकरांसाठी नव्हती. ती कारखान्यातल्या कामगारांच्या किमान वेतनासाठी होती. सातव्या वेतन आयोगाने २०१५ मध्ये हीच पट्टी वापरून केंद्राचं किमान वेतन १८,००० रुपये काढलं. ज्याच्यासाठी ती बनवली, तो कामगार बाहेरच राहिला.

याच आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून सरकारी आणि खाजगी पगारांचा तुलनात्मक अभ्यास करून घेतला होता. सर्वात खालच्या पायरीवरच्या सरकारी मदतनिसाला सर्व मिळून महिना २२,५७९ रुपये, खाजगीत त्याच कामाला ८,००० ते ९,५०० रुपये. वरच्या पायरीवर चित्र उलटं होतं. केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवांचं मूळ वेतन अडीच लाख ठरलं, मोठ्या खाजगी कंपन्यांचे प्रमुख कोटींत घेतात. हा बावीस हजारांचा आकडा वाचून लोक म्हणतात, सरकारी शिपाई फार घेतो. माझं म्हणणं वेगळं आहे. चौघांच्या अन्न-वस्त्राचा हिशेब मांडला तर बावीस हजार जास्त नाहीत. नऊ हजार कमी आहेत.

पेन्शनचंही तसंच. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही मालकाची कृपा नाही, ती केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. आपण पेन्शनर तो दिवस साजरा करतो. पण फिटरभाऊंच्या सेवेचं काय? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० आणि सेवा ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार होतात. २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार आहे. केंद्र सरकारची किमान पेन्शन नऊ हजार, त्यावर महागाई वेगळी. म्हणजे या सूत्रातली वरची पायरी सरकारी खालच्या पायरीच्याही खाली राहते. हक्काचा सिद्धांत एका शेजाऱ्यापाशी येऊन थांबला.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या करातून तुमच्या पेन्शनी जातात. ही टीका खरी आहे आणि मला ती टोचते. पण त्यावर उपाय म्हणून काय झालं? महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्याआधीच, २००० मध्ये, शिक्षणसेवक आले: प्राथमिक शाळेत तीन हजार रुपये महिना, तीन वर्षं. अंगणवाडी सेविकेला तर वेतन हा शब्दच नाही, तिला "मानधन" मिळतं. मान किती आणि धन किती, ते तिला विचारा. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे विद्यार्थी आहेत, डॉक्टरेट झालेले, सुट्टीत ज्यांचा पगार बंद होतो. २०२३ मध्ये कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला, तो लोकांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला.

हे सगळं झालं, पण यातून फिटरभाऊंची पेन्शन एका रुपयाने तरी वाढली का? नाही. एकाचं काढलं म्हणजे दुसऱ्याला मिळालं, असं झालं नाही. आज खरी रेघ सरकारी आणि खाजगी अशी राहिलेली नाही. ती कायम आणि कंत्राटी अशी आहे, आणि ती दोन्हीकडून जाते. एकाच कार्यालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना.

त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. बाळा, नोकरीच्या पाटीवर काय लिहिलंय ते नंतर बघ. आधी तीन गोष्टी विचार. नेमणूक कायम की कंत्राटी? आजारपणाचं काय? आणि साठीनंतर काय? सूतगिरणी चौकातून तू रोज जातोस, त्या नावावरूनच समज की काम देणारी ठिकाणं कायमची नसतात. परीक्षेला वयाची मर्यादा असते, तशी स्वतः वर्षांची मर्यादा घालून घे. वाळूजचं काम कमी प्रतीचं नाही. फक्त तिथे गेलास तर फंडाचा नंबर पहिल्या महिन्यातच मागून घे.

आणि आपण पेन्शनर मंडळींनी एक करावं. १७ डिसेंबरला सभा घेतो, तेव्हा शेजारच्या फिटरभाऊंनाही बोलवावं. त्यांच्या किमान हजार रुपयांचा ठराव आपल्या महागाई भत्त्याच्या ठरावाआधी मांडावा. ज्या माणसाने एकेकाळी आपल्याला महिनाअखेरीस उसने दिले, त्याचं एवढं देणं तरी आपण लागतो.