गायकांच्या नकला, दूरचित्रवाणीवरील

प्रख्यात गायक-गायिकांचा आवाज, उच्चारपद्धती, हावभाव व लकबी यांचे प्रेक्षकांना हसविण्याच्या हेतूने केलेले अनुकरण. मूळ गायक प्रेक्षकांच्या पूर्ण परिचयाचा असणे आणि समोर उभी असलेली व्यक्ती तो गायक नव्हे हे त्यांना ठाऊक असणे, या दोन गोष्टींवर हा विनोद आधारलेला असतो. यांपैकी दुसरी गोष्ट नाहीशी झाली, की नक्कल ही नक्कल न राहता बदली आवाज ठरते. मुंबई व तिची उपनगरे येथील या कलाप्रकाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी या सीमारेषेचाच इतिहास होय.

पूर्वपीठिका : बहुरूपी व तमाशातील सोंगाड्या यांच्यामुळे सोंग आणि नक्कल महाराष्ट्रास जुन्या काळापासून परिचित आहेत. चित्रपटसंगीतात मात्र अनुकरणाचा आरंभ विनोदातून नव्हे, तर आदरातून झाला. मुकेश यांच्या पहली नजर (१९४५) मधील आणि किशोर कुमार यांच्या जिद्दी (१९४८) मधील गायनावर कुंदनलाल सैगल यांची छाप स्पष्ट दिसते. पुढे मोहम्मद रफी (मृत्यू १९८०) व किशोर कुमार (मृत्यू १९८७) यांच्या पश्चात त्यांच्या वळणाच्या आवाजांना पार्श्वगायनात मागणी आली.

वाद्यवृंदांचा काळ : चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत, म्हणजे ऑर्केस्ट्रांत, नकलाकाराला हक्काचे स्थान मिळाले. दोन गीतांमधला वेळ भरून काढणे हे त्याचे काम असे. धारावीत वाढलेले जॉनी लीव्हर हे कल्याणजी-आनंदजी यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून पुढे आले. सुदेश भोसले यांनी ‘मेलडी मेकर्स’ या वाद्यवृंदातून आपल्या कारकीर्दीस आकार दिला. सचिन देव बर्मन यांच्या गायनाची त्यांनी केलेली नक्कल विशेष गाजली. हम (१९९१) या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी त्यांनी पार्श्वगायन केले, ते बच्चन यांच्या आवाजाशी साधलेल्या साम्यामुळेच. नकलाकार व बदली आवाज या दोन्ही भूमिका अशा रीतीने एकाच कलावंताकडे आल्या. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह व मुलुंडचे कालिदास नाट्यमंदिर यांमुळे अशा करमणुकीस उपनगरांतच रंगमंच उपलब्ध झाले.

दूरचित्रवाणीवरील वाटचाल : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण नकलाकारास विस्तृत क्षेत्र मिळाले ते १९९२ नंतर, खाजगी वाहिन्यांच्या उदयाने. गोरेगावची चित्रनगरी (स्थापना १९७७) व अंधेरी परिसरातील चित्रीकरणगृहे यांमुळे हा व्यवसाय उपनगरांत स्थिरावला. सोनी वाहिनीवरील शेखर सुमन यांच्या मूव्हर्स अँड शेकर्स (आरंभ १९९७) या रात्रीच्या कार्यक्रमात वाद्यवृंदाच्या साथीने प्रामुख्याने राजकीय पुढाऱ्यांच्या नकला होत. द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज (२००५) या स्पर्धेमुळे लहान गावांतील नकलाकार देशभर पोचले. तिचे विजेते सुनील पाल हे मूळचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे होत. मराठीत झी मराठीवरील चला हवा येऊ द्या (२०१४) या कार्यक्रमाने विडंबनाची ही परंपरा घरोघरी नेली. शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेल्या सुगंधा मिश्रा यांनी केलेली लता मंगेशकर यांची नक्कल प्रसिद्ध आहे. चांगल्या नकलेस सुरांची जाण लागते, हे तीवरून दिसून येते.

तंत्र : नकलाकार संपूर्ण गायन उचलत नाही. अनुनासिक स्वर, श्वास घेण्याची जागा, एखाद्या स्वराचा विशिष्ट उच्चार, मान वा हात हलविण्याची सवय अशी दोनतीन लक्षणे निवडून तो ती वाढवून दाखवितो. दूरचित्रवाणीच्या समीपदृश्यांमुळे चेहरा व वेशभूषा यांना आवाजाइतकेच महत्त्व आले. मूळ गायकालाच पाहुणा म्हणून बोलावून त्याच्यासमोर नक्कल करण्याची प्रथाही पडली. अशा वेळी गायकाचे हसणे हीच त्याची संमती समजली जाते.

वाद व कायदा : ही संमती नेहमीच गृहीत धरता येत नाही. मे २०१६ मध्ये तन्मय भट यांनी समाजमाध्यमावर प्रसृत केलेल्या, लता मंगेशकर व सचिन तेंडुलकर यांच्या नकलेवरून मोठे वादळ उठले व पोलिसांकडे तक्रारी झाल्या. ज्यांच्याविषयी समाजात पूज्यभाव असतो, त्यांच्या वार्धक्यावर व रूपावर विनोद करावा काय, हा त्यातील मूळ प्रश्न होता.

न्यायालयांनी विनोद व अपहार यांत भेद केला आहे. अमेरिकेत बेट मिडलर यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल मोटारीच्या जाहिरातीत वापरणे १९८८ मध्ये अवैध ठरले. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या व त्यांचे गीत गाणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीस दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मनाई केली. मात्र व्यंगचित्र व विडंबन यांना त्यामुळे बाध येऊ नये, असेही नमूद केले. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज तयार करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना व २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले.

आशाबाई स्वतः उत्तम नकलाकार म्हणून ख्यात. थोरल्या भगिनी लताबाई व गुलाम अली यांच्या नकला त्यांनी रंगमंचावर केल्या. त्यांनीच यंत्रनिर्मित आवाजाविरुद्ध न्यायालयात जावे, यात विसंगती नाही. रंगमंचावरील नकलाकार स्वतःचा कंठ, स्वतःचे नाव व स्वतःचा चेहरा घेऊन उभा राहतो आणि ऐकणाऱ्यास फसवीत नाही. यंत्राने केलेल्या प्रतिकृतीत असा कोणी दिसतच नाही. नकलेचे मोल म्हणूनच साम्याइतकेच त्या उघड दिसणाऱ्या माणसातही असते.